सोमालिया: माणसं गाव सोडतात ती दुष्काळाने की युद्धाने? लेखासाठी तपशील हवेत

स्नेहल_प

एका दिवाळी अंकासाठी हवामानबदल आणि विस्थापन या विषयावर दीर्घ लेख लिहिते आहे. सगळं जग कवेत घेण्यापेक्षा एकच देश नीट मांडावा म्हणून सोमालिया घेतला. 2011 चा दुष्काळ आणि 2020 अखेरपासून 2022 अखेरपर्यंत सलग पाच पावसाळी हंगाम फसले तो काळ, अशा दोन घटना समोर ठेवल्या आहेत.

अडचण अशी की एका बाजूचे लोक लिहितात, "हवामानबदलाने लाखो लोक देशोधडीला लागले". दुसऱ्या बाजूचे लिहितात, "हे सगळं अल-शबाबचं (तिथल्या सशस्त्र कट्टर इस्लामी संघटनेचं) पाप". दोन्ही वाक्यं अपुरी आहेत हे दिसतं, पण ती जोडायची कशी ते नेमकं मांडता येत नाही. म्हणून जाणकारांना विचारते:

कारणं वेगळी काढता येतात का? आकडेवारी कोण गोळा करतं आणि त्यात कारणाचा रकाना कसा भरला जातो? 2011 च्या दुष्काळात अडीच लाखांवर माणसं गेली. 2022 मध्ये पाऊस त्याहून जास्त काळ रुसला, तरी त्या वर्षीच्या जादा मृत्यूंचा अंदाज 43,000 च्या आसपास आहे. हा फरक कशाने पडला? आणि सीमा ओलांडून केनियात पोहोचलेल्या माणसाला कायदा काय म्हणतो?

भावनिक मजकूर भरपूर मिळतो, प्रक्रिया सांगणारा मिळत नाही. तेवढी मदत करा.

---

पाणवठा

स्नेहलताई, "दुष्काळ की युद्ध" हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. एक शेतकरी-पशुपालक कुटुंब घ्या आणि पाऊस फसल्यावर त्याच्यापुढे कोणत्या वाटा असतात आणि त्या कोणत्या क्रमाने बंद होतात ते लिहा. बाकीचं त्यातूनच उलगडेल.

बैदोआ शहराभोवतीचे बाय आणि बाकूल हे प्रांत घ्या. बाय हा सोमालियाचा ज्वारीचा पट्टा. पाऊस वर्षातून दोनदा: एप्रिल ते जून "गू" आणि ऑक्टोबर ते डिसेंबर "देयर". गूची ज्वारी साधारण जुलै-ऑगस्टमध्ये हाती येते, देयरची जानेवारी-फेब्रुवारीत. धान्य जमिनीत खड्डा करून साठवतात, त्याला "बकार" म्हणतात. मराठवाड्यात पेव असायचं तसंच. पेव भरलेलं असेल तर एक हंगाम बुडाला तरी घर तगून जातं.

दुसरा हंगाम बुडाला की जनावरं बाजारात काढावी लागतात. खरी घसरगुंडी इथे लागते, कारण पंचक्रोशीतले सगळे एकाच आठवड्यात विकायला येतात. शेळीचा भाव पडतो आणि ज्वारीचा चढतो. एका शेळीच्या बदल्यात किती किलो ज्वारी मिळते आणि एका दिवसाच्या मजुरीत किती, हे दोन आकडे तिथले अन्नसुरक्षा अभ्यासक बाजारवार नोंदवत असतात. लोक कधी निघणार हे पावसाच्या नकाशाआधी या आकड्यांवरून कळतं. लेखात एक तक्ता द्यायचाच असेल तर हा द्या.

जनावरं मरण्यालाही क्रम आहे. आधी गाई, मग मेंढ्या, शेळ्या आणि सगळ्यात शेवटी उंट. गाईला दोन-तीन दिवसांच्या वर पाण्यावाचून ठेवता येत नाही, उंट आठवडाभर आणि हिरवा पाला असला तर त्याहून जास्त काढतो. म्हणून कुटुंब फुटतं: पुरुष उंट घेऊन लांबच्या कुरणाकडे जातात आणि बायका, पोरं, म्हातारी माणसं शहराची वाट धरतात. छावण्यांत बायका-मुलांचं प्रमाण एवढं मोठं का, याचं हे एक कारण. दुसरं अर्थात युद्धातले मृत्यू आणि सक्तीची भरती.

आता वाटा पाहू.

लांबचं कुरण: तिथे पोहोचायला दुसऱ्या कुळाच्या हद्दीतून जावं लागतं आणि मध्ये आघाडीची रेषा असते. शांततेच्या काळात वडीलधारे बोलणी करून वाट मिळवून देत. बंदुका आल्यावर त्या बोलण्यांचं वजन घटलं.

नदीकाठची मजुरी: शबेले आणि जुबा या नद्यांच्या काठी मका आणि केळीच्या शेतांत हंगामी काम मिळायचं. 2011 मध्ये खालच्या शबेले प्रांतावर अल-शबाबचा ताबा होता आणि दुष्काळ तिथेही पोहोचला होता, त्यामुळे काम मागायला जायची जागाच उरली नाही.

जकात: अल-शबाब जनावरांवर आणि पिकावर जकात (धर्माच्या नावाने सक्तीचा वाटा) वसूल करते, शिवाय रस्त्यावर नाकी. दुष्काळी वर्षात हीच वसुली शेवटच्या चार शेळ्यांवर येते.

बाहेरची मदत: धमक्या आणि पैशांच्या मागण्या वाढल्यामुळे जागतिक अन्न कार्यक्रमाने जानेवारी 2010 मध्ये दक्षिण सोमालियातल्या मोठ्या भागातलं काम थांबवलं. नोव्हेंबर 2011 मध्ये, म्हणजे दुष्काळ जाहीर झाल्यानंतरही, अल-शबाबने 16 संस्थांवर बंदी घातली. दुसरी बाजूही लिहा. 2008 मध्ये अमेरिकेने अल-शबाबला दहशतवादी संघटनांच्या यादीत टाकलं. एखादं पोतं त्यांच्या हाती लागलं तर आपल्यावर खटला होईल, या धास्तीने संस्थांनी हात आखडले आणि अमेरिकेची मदत त्या दोन वर्षांत फार घटली. ही वाट दोन्हीकडून बुजली, आणि एकाच बाजूचं नाव घेणं खोटेपणाचं होईल.

पाऊस फसला की उत्पन्न जातं, आणि लढाईमुळे ते भरून काढायचे मार्ग जातात. मग उरतं ते चालणं. तेही प्रत्येकाला जमत नाही. लवकर निघतात त्यांच्याकडे ट्रकच्या भाड्यापुरते पैसे असतात. उशिरा निघतात ते पायी, कुपोषित मुलांसह. सगळ्यात गरीब जागेवरच राहतात. 2011 मध्ये काही रस्त्यांवर अल-शबाबने निघालेल्या लोकांना मागेही फिरवलं. विस्थापितांचा आकडा कमी दिसला म्हणजे संकट लहान होतं, असं कधीही लिहू नका.

---

आकडेमोड

कारणाच्या रकान्याबद्दल.

सोमालियाच्या आत कोण कुठून कुठे गेलं, याची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयासाठी नॉर्वेजियन रेफ्युजी कौन्सिल आणि स्थानिक संस्थांचं जाळं करतं. वाटेवरच्या थांब्यांवर, बसतळांवर आणि छावण्यांत आलेल्यांना विचारून अर्ज भरतात. त्यात "मुख्य कारण" एकच नोंदलं जातं: संघर्ष, दुष्काळ, पूर किंवा इतर. पाणवठा यांनी सांगितलेल्या कुटुंबाचं उत्तर काय असेल? "जनावरं मेली." झाली नोंद, दुष्काळ. कुरणाची वाट बंदुकीने अडवली होती, हे त्या रकान्यात बसत नाही. सरकारी भागातल्या छावणीत अल-शबाबबद्दल उघड बोलणं धोक्याचं असतं, म्हणून "दुष्काळ" हे सुरक्षित उत्तरही आहे. तेव्हा "अमुक टक्के लोक दुष्काळाने हलले" असं वाक्य आलं की त्याचा अर्थ "तेवढ्या लोकांनी मुख्य कारण दुष्काळ सांगितलं" इतकाच घ्या.

दुसरी चूक फार दिसते: हालचाल आणि माणूस एकच धरणं. अंतर्गत विस्थापनाची जागतिक आकडेवारी जिनिव्हातलं निरीक्षण केंद्र दरवर्षी देतं. 2024 मध्ये आपत्तींमुळे 4 कोटी 58 लाख आणि संघर्षामुळे 2 कोटी 1 लाख "विस्थापनं" झाली. ही हालचालींची संख्या आहे. एकच कुटुंब वर्षात तीनदा हललं तर तीनदा मोजलं जातं. वर्षअखेर घराबाहेर असलेले लोक मात्र असे होते: संघर्षामुळे 7 कोटी 35 लाख, आपत्तींमुळे 98 लाख. दोन जोड्या शेजारी ठेवा. आपत्तीने हलणारे जास्त, पण त्यातले बरेच, विशेषतः वादळाआधी हलवलेले, काही दिवसांत परततात. संघर्षाने हललेले वर्षानुवर्षं अडकतात. सोमालियातला दुष्काळ मोजायला या दोन्हींपेक्षा अवघड आहे, कारण वादळाला तारीख असते, दुष्काळाला नसते.

"दुष्काळ जाहीर झाला" म्हणजे काय, हेही सांगा. इथे दुष्काळ म्हणजे नुसतं पाऊस न पडणं नव्हे, उपासमारीने माणसं मरू लागण्याची अवस्था, इंग्रजीत "फॅमिन". त्याचे तीन निकष आहेत: किमान 20 टक्के घरांत अन्नाची टोकाची टंचाई, किमान 30 टक्के मुलांत तीव्र कुपोषण, आणि दर 10,000 लोकांमागे रोज किमान 2 मृत्यू. तिसरा निकष 50,000 वस्तीच्या छावणीला लावून पाहा: रोज 10, महिन्याला 300 प्रेतं. म्हणजे घोषणा होते तेव्हा फार उशीर झालेला असतो. 2011 मध्ये दक्षिण बाकूल आणि खालच्या शबेलेत ती 20 जुलैला झाली. देयर 2010 फसणार याचे इशारे या घोषणेच्या कित्येक महिने आधी दिलेले होते. मोठा निधी आला तो घोषणेनंतर. 2013 मध्ये आलेल्या अभ्यासाने ऑक्टोबर 2010 ते एप्रिल 2012 या काळातले जादा मृत्यू सुमारे 2,58,000 धरले, त्यातले निम्म्याहून थोडे जास्त पाच वर्षांखालचे.

आणखी एक सावधगिरी. "2050 पर्यंत 21 कोटी 60 लाख हवामान निर्वासित" हे वाक्य लेखात येऊ देऊ नका. जागतिक बँकेच्या 2021 च्या अहवालातला हा आकडा सहा प्रदेशांसाठीचा आहे, देशांतर्गत स्थलांतराचा आहे आणि सर्वांत वाईट परिस्थितीचा अंदाज आहे. त्यात निर्वासित कोणीच नाही.

---

नैर्ऋत्य

हवामानाची बाजू मी लिहितो, कारण "हवामानबदल" हा शब्द इथे फार ढोबळपणे वापरला जातो.

2020 ते 2023 अशी तीन वर्षं ला निन्या (प्रशांत महासागराचा मधला-पूर्व भाग नेहमीपेक्षा थंड राहण्याची अवस्था) टिकून राहिला. ला निन्यात पूर्व आफ्रिकेचा देयर हंगाम कोरडा जातो, हे जुनं गणित. नवी गोष्ट गूची. पूर्व आफ्रिकेत मार्च ते मे मधला, म्हणजे ढोबळपणे गूचा, पाऊस 1980 च्या दशकापासून घटत आल्याचं निरीक्षण आहे आणि पश्चिम प्रशांत महासागराच्या तापण्याशी त्याचा संबंध लावला जातो. गंमत अशी की बहुतेक हवामान प्रारूपं पुढच्या काळात तिथे पाऊस वाढेल असं सांगतात. निरीक्षण आणि प्रारूप यांतली ही तफावत अजून पुरती सुटलेली नाही. म्हणून "पाऊस कायमचा गेला" असं लिहू नका.

तापमानाबद्दल मात्र ठामपणे लिहा. एप्रिल 2023 मध्ये वर्ल्ड वेदर अ‍ॅट्रिब्युशन या गटाने या दुष्काळाचा अभ्यास मांडला. त्यांच्या मते मानवनिर्मित तापमानवाढीमुळे असा शेतीचा दुष्काळ पडण्याची शक्यता सुमारे 100 पट वाढली. यातला मोठा वाटा बाष्पीभवनाचा. पडलेला थोडा पाऊसही जमिनीत टिकला नाही, जुन्या थंड हवेत एवढ्याच पावसावर इतकी वाईट अवस्था आली नसती. ज्या देशाचा जगाच्या उत्सर्जनातला वाटा नगण्य आहे त्याच्यावर हे आलं, आणि हा अन्याय लेखात स्पष्ट शब्दांत यायला हवा.

आता दुसरं टोक. 2023 च्या उत्तरार्धात एल निन्यो (ला निन्याच्या उलट अवस्था) आणि हिंदी महासागराचा धन द्विध्रुव (त्याची आफ्रिकेकडची बाजू जास्त तापणं) एकत्र आले आणि देयर धो धो कोसळला. दुष्काळाने हललेल्या माणसांच्या छावण्या पुरात गेल्या. त्याआधी मे 2023 मध्येच शबेले नदीने बेलेदवेइन शहर बुडवलं होतं, सुमारे दोन लाख लोक बाहेर पडले. मेच्या त्या पुराचं बरंचसं पाणी इथिओपियाच्या डोंगरातून आलं होतं.

पण पूर एवढा का पसरतो ते पाहा. 1991 मध्ये राज्ययंत्रणा कोसळली तेव्हापासून शबेलेवरचे बंधारे, दरवाजे आणि कालव्यांची देखभाल थांबली. जोहरजवळ पुराचं पाणी वळवून साठवायचा जलाशय गाळाने भरला. बंधाऱ्यातून पाणी मिळत नाही म्हणून शेतकरी कोरड्या दिवसांत नदीचा काठबांध फोडून शेतात पाणी घेतात आणि ते खिंडार नीट बुजवलं जात नाही. पुढच्या पुरात पाणी तिथूनच घुसतं. अर्जात या माणसाचं कारण "पूर" लिहिलं जाईल. तीस वर्षांच्या यादवीने न झालेली दुरुस्ती कोणत्या रकान्यात लिहायची? तुमच्या मूळ प्रश्नाला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

जाता जाता: 2018 च्या मेकुनू आणि लुबान या चक्रीवादळांनी अरबस्तानाच्या वाळवंटात पाणी साचलं, तिथे टोळ वाढले आणि 2019-20 मध्ये सोमालियाचं उरलंसुरलं खाऊन गेले. मे 2020 मध्ये अमरावती-नागपूरकडे आलेले टोळ याच उद्रेकाचा भाग होते. विदर्भातल्या वाचकाला हा धागा लगेच कळेल.

---

स्नेहल_प

फार मोलाचं मिळालं, सगळ्यांचे आभार. शबेलेच्या बांधाचा तपशील लेखाच्या मध्यावर घेते. 2011 आणि 2022 मधला फरक अजून कोणी सांगितला नाही. सिरियाचं उदाहरण जोडीला घेऊ का? बऱ्याच लेखांत ते असतं.

---

आकडेमोड

सिरिया घेऊ नका, किंवा घ्यायचंच तर पूर्ण पान द्या. 2006 ते 2010 दरम्यान ईशान्येकडच्या हसाका भागात मोठा दुष्काळ पडला हे खरं. पण "15 लाख लोक शहरांत आले आणि त्यातून उठाव झाला" या मांडणीवर 2017 मध्ये सविस्तर आक्षेप घेतले गेले. तो आकडा खूप फुगलेला आहे, आणि मे 2008 मध्ये डिझेलवरचं अनुदान काढल्याने पंपावर शेती करणारे एका फटक्यात बुडाले, हे त्यातले दोन मुख्य मुद्दे. भूजल तर आधीच उपसून झालं होतं. चाड सरोवराचंही तसंच: "ते आटत चाललंय आणि त्यातून बोको हराम ही नायजेरियातली सशस्त्र संघटना उठली" असं सगळीकडे छापतात, पण मोठी घट 1960 ते 1980 च्या दशकांतली आहे, 1990 नंतर पाणी काही प्रमाणात परतलं. बोको हरामचा उठाव 2009 चा. तारखाच जुळत नाहीत.

---

पाणवठा

2011 आणि 2022 मधला फरक.

पहिलं, पैसा आधी आला. 2017 मध्येही पाऊस फसून जाहीर करण्याजोग्या दुष्काळाची छाया होती आणि तेव्हा वेळेवर मदत देऊन तो टळला. 2022 मध्ये तोच धडा वापरला. सप्टेंबर 2022 मध्ये बैदोआ आणि बुरहकबा या दोन तालुक्यांत वर्षअखेर जाहीर करण्याजोग्या दुष्काळाची स्थिती येईल असा अंदाज जाहीर झाला, तेव्हा मदत आधीच वाढू लागली होती. त्यातला सर्वांत मोठा वाटा अमेरिकेचा होता.

दुसरं, मदतीचं रूप बदललं. 2011 मध्ये धान्याचे ट्रक अडवता येत होते. त्यानंतरच्या दशकात सोमालियात मोबाईलवरून पैसे पाठवणं इतकं रुळलं की खेड्यातला दुकानदारही फोनवर पैसे घेतो. थेट बाईच्या फोनवर रक्कम पोहोचली की नाक्यावर लुटायला पोतं नसतं. परदेशातल्या नातेवाइकांचे पैसेही हवालाच्या जोडीने याच वाटेने येतात. यात एक खोच आहे: बाजारात धान्य असेल तरच पैशाला अर्थ. 2022 मध्ये युक्रेन युद्ध झालं आणि सोमालियाचा 90 टक्क्यांहून जास्त गहू रशिया-युक्रेनमधून येत असल्याने भाव भडकले. तेवढ्याच रकमेत कमी पीठ येऊ लागलं.

तिसरं, शहरं उघडी होती. बैदोआ सरकारकडे होतं, रस्ते धोक्याचे असले तरी विमानतळ चालू होता. त्यामुळे उपचारकेंद्रं चालली. मुलाच्या दंडाचा घेर पट्टीने मोजतात: 11.5 सेंटिमीटरच्या खाली गेला तर अतितीव्र कुपोषण, 11.5 ते 12.5 मध्यम. अतितीव्र असलेल्या आणि दुसरा आजार नसलेल्या मुलाला घरीच शेंगदाण्याची पौष्टिक पेस्ट देतात, 92 ग्रॅमच्या एका पुडीत 500 उष्मांक. हे काम शेकडो ठिकाणी चाललं म्हणून मुलं वाचली.

आणि यातूनच एक नवं दुखणं झालं. मदत शहरात मिळते, अल-शबाबच्या मुलखात मिळत नाही. म्हणून मदत हवी तर गाव सोडणं भाग. विस्थापितांचा नकाशा पावसाच्या नकाशापेक्षा मदतीच्या नकाशाशी जास्त जुळतो, कारण लोक जिथे काही मिळेल तिथे जातात. 2022 मध्ये दहा लाखांवर लोक दुष्काळ हे कारण सांगून हलले, त्यातले किती गावातच मदत मिळाली असती तर थांबले असते, हा प्रश्न लेखात विचारायलाच हवा.

ऑगस्ट 2022 पासून हिराण भागात स्थानिक कुळांच्या फौजा सरकारबरोबर अल-शबाबविरुद्ध उठल्या, तेव्हा अल-शबाबने तिथल्या विहिरी उद्ध्वस्त केल्या. दुष्काळात विहीर फोडणं हे शस्त्रच आहे. इथे "दुष्काळाने विस्थापित" आणि "युद्धाने विस्थापित" हे वेगळं करून दाखवा बरं.

---

कलम_बावन्न

कायद्याबद्दल थोडक्यात.

1951 च्या निर्वासित कराराखाली निर्वासित ठरायला छळाची रास्त भीती लागते आणि ती वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत या पाचांपैकी एका कारणाने असावी लागते. पाऊस न पडणं यात बसत नाही. म्हणून "हवामान निर्वासित" हा कायद्यातला शब्द नाही. लेखात वापरलात तर तसं सांगून वापरा.

आफ्रिकेत मात्र 1969 चा प्रादेशिक करार आहे. सार्वजनिक व्यवस्था गंभीरपणे बिघडवणाऱ्या घटनांमुळे पळालेल्यांनाही तो निर्वासित मानतो. त्याच आधारावर दक्षिण-मध्य सोमालियातून आलेल्यांना केनिया सरसकट मान्यता देत असे, वैयक्तिक पुरावा न मागता. म्हणजे 2011 मध्ये बाकूलहून उपाशी चालत आलेल्या बाईला केनियातल्या दादाब छावणीत कागद मिळाला तो तिच्या गावात युद्ध होतं म्हणून. दुष्काळ होता पण युद्ध नव्हतं अशा गावातून ती आली असती तर कागद मिळणं कठीण होतं. एप्रिल 2016 मध्ये केनियाने ही सरसकट मान्यता काढून घेतली.

दादाबचा घटनाक्रमही नोंदवा. छावण्या 1991 पासूनच्या, क्षमता 90,000 ची. 2011 मध्ये वस्ती साडेचार लाखांच्या वर गेली, जुलैत रोज हजारावर लोक येत होते. केनियाने 2007 पासून सीमा अधिकृतपणे बंद ठेवली होती आणि सीमेवरच्या लिबोईचं स्वागतकेंद्रही बंद होतं, त्यामुळे सीमेपासून छावणीपर्यंतचं सुमारे 80 किलोमीटर अंतर लोकांना आपापलं कापावं लागलं. ऑक्टोबर 2011 मध्ये मदत कर्मचाऱ्यांचं अपहरण झालं, केनियाचं सैन्य सोमालियात घुसलं आणि नव्यांची नोंदणी थांबली. 2016 मध्ये छावणी बंद करण्याची घोषणा झाली, फेब्रुवारी 2017 मध्ये केनियाच्या उच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली.

देशातच हललेल्यांसाठी 2009 चा कंपाला करार आहे, 2012 पासून लागू. त्यात हवामानबदलासह आपत्तींमुळे विस्थापित झालेल्यांना संरक्षण देण्याचं बंधन राज्यांवर स्पष्ट शब्दांत आहे. कागद चांगला आहे, पण ज्या राज्याचा हुकूम निम्म्या मुलखात चालत नाही त्याने तो पाळायचा कसा, ही खरी अडचण. वाचक विचारतीलच म्हणून: भारताने 1951 च्या करारावर सही केलेली नाही.

---

गोदाकाठ

मराठवाड्याची तुलना एका परिच्छेदापुरती करा, पण ती योग्य जागी. ज्वारी, पेव आणि बुडालेले हंगाम हे साम्य वरवरचं आहे. उपयोगाची तुलना 1972-73 ची. तेव्हा महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर टोकाच्या महिन्यांत जवळपास 50 लाख लोक होते. खडी फोडण्याची, पाझर तलावांची आणि रस्त्यांची कामं निघाली, मजुरी हातात पडली, धान्य खरेदी करता आलं. लोकांचे हाल अतोनात झाले, जनावरं गेली, पण 2011 च्या सोमालियासारखे मृत्यू झाले नाहीत. त्यातूनच रोजगार हमीचा 1977 चा कायदा आला. पाऊस दोन्हीकडे फसला होता. इथे हजेरीपट ठेवणारं, मजुरी वाटणारं राज्य होतं, तिथे नव्हतं.

ऊसतोडीचं स्थलांतर मात्र यात मिसळू नका. मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायकोची जोडी (एक "कोयता") दिवाळीनंतर कारखान्यावर जाते आणि उन्हाळ्यात परतते. त्यात शोषण आहे, पण परतायला गाव आणि जमिनीचा सातबारा आहे. सोमालियातल्या विस्थापिताच्या बाबतीत नेमकं तेच राहत नाही. दोन्ही एका वाक्यात आणलं तर दोघांवर अन्याय होईल.

---

स्नेहल_प

शेवटचा प्रश्न. पाऊस परतल्यावर हे लोक परत का जात नाहीत? 2023 चा गू बरा झाला होता ना?

---

पाणवठा

बरा झाला, पण पावसाने गवत परत येतं, कळप येत नाही. शेळी पाच महिन्यांत विते, तरी विकून खाण्याजोगा कळप उभा व्हायला काही वर्षं लागतात. उंटीण जवळपास तेरा महिने गाभण राहते आणि साधारण दोन वर्षांनी एकदा विते. सगळे उंट गमावलेलं घर पशुपालक म्हणून उभं राहायला दशक जातं, आणि मध्ये पुढचा दुष्काळ येतो.

शेतीवाल्यांची अडचण जमिनीची. बाय-बाकूलमधले रहनवेन आणि नदीकाठचे बांटू शेतकरी हे राजकीयदृष्ट्या दुबळे समाज. 1992 मध्ये आणि 2011 मध्येही मृत्यूंचा सर्वांत मोठा भार यांच्यावरच पडला. परदेशात नातेवाईक कमी, म्हणून हवाला कमी. सशस्त्र संरक्षण नाही, म्हणून जमीन सोडली की दुसरा बसतो. दुष्काळाची माहिती देताना कुळाचा उल्लेख टाळायची पद्धत आहे, पण तो टाळला तर कोण मेलं आणि का मेलं हे कळतच नाही.

शहरातही पाय रोवता येत नाही. मोगादिशू आणि बैदोआच्या कडेला बहुतेक वस्त्या खाजगी जमिनीवर आहेत. जमीनमालक आणि विस्थापित यांच्यामध्ये एक "द्वारपाल" असतो. तो जागा देतो, पाण्याची आणि शौचालयाची सोय लावतो, संस्थांना आत आणतो आणि मिळालेल्या मदतीतला हिस्सा कापतो. हिस्सा किती, ते त्याच्यावर. जमिनीचा भाव वाढला की मालक वस्ती उठवतो. डिसेंबर 2017 च्या अखेरीस मोगादिशूच्या कडेच्या वस्त्यांवर बुलडोझर फिरले तेव्हा हजारो कुटुंबं एका रात्रीत पुन्हा विस्थापित झाली, संस्थांनी बांधलेली शौचालयं आणि शाळाही गेल्या. ही हालचाल कोणत्याही हवामानाच्या आकड्यात येत नाही.

छावणी तपासायची असेल तर हे आकडे हाताशी ठेवा: माणशी रोज 15 लिटर पाणी, 20 माणसांमागे एक शौचालय, माणशी साडेतीन चौरस मीटर छप्पर, सहा महिने ते पंधरा वर्षं वयाच्या सगळ्या मुलांना गोवराची लस. हे किमान आहे आणि नव्या वस्त्यांत ते बहुधा पूर्ण होत नाही. कुपोषित मुलांत गोवर आणि पटकी आधी पसरतात, उपासमारीने म्हणून नोंदलेले कित्येक मृत्यू प्रत्यक्षात यांचे असतात.

परतायचं ठरवलेल्या शेतकऱ्याचं वेळापत्रकही फार घट्ट असतं. गूची पेरणी गाठायची तर मार्चअखेर गावात असायला हवं, हेक्टरी साधारण 10 किलो ज्वारीचं बी हातात हवं आणि जुलै-ऑगस्टपर्यंतचं धान्य किंवा पैसे हवेत. परतीची मदत बहुतेकदा मे-जूनमध्ये मंजूर होते. तोवर पेरणीचा ओलावा गेलेला असतो आणि माणूस ते बी बाजारात विकून पुन्हा छावणीत येतो. निधी जानेवारीत सुटतो का, एवढं तपासून लेखात लिहिलंत तरी फार झालं.